बोट आपलंच असतं

(सोलापुरात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, मी वक्ता नाही. सोलापुरातच शिकलो, इंजिनिअर झालो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. 'माध्यमं आणि आपली ओळख' हा विषय मिळाल्यावर वाटलं, टीव्हीवाल्यांच्या तक्रारी सांगाव्यात. पण त्या तुम्हाला पाठ आहेत. म्हणून आधी आपल्या जिल्ह्यातल्या माणसांची गोष्ट सांगतो.

१ जुलै २०१८. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं पोटासाठी धुळे जिल्ह्यात गेली होती. त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. भिक्षा मागून जगणारा हा भटका समाज. तेव्हा व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. राईनपाड्याच्या आठवडे बाजारात लोकांनी यांनाच ती टोळी समजलं. जमावाने पाच जणांना ठेचून मारलं.

त्याच रात्री मालेगावात, मुस्लिम वस्तीत, परभणीकडच्या एका गरीब कुटुंबाला याच अफवेवरून जमावाने घेरलं. सोबत लहान मूल होतं. तिथल्याच एका तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी त्यांना घरात घेतलं, म्हणून ते वाचले. घेरणारेही आपले होते, वाचवणारेही आपलेच. हे दोन्ही लक्षात ठेवा.

दोन वर्षांनी आपली पाळी आली. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि चॅनलांनी रोगाला धर्म चिकटवला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पण निकाल यायला महिने लागतात. अफवेला एक बोट पुरतं.

त्या एप्रिलमध्ये आमचे एक चाचा हातगाडीवर फळं विकायचे. कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक गाडीजवळून मान फिरवून गेलं. चाचांनी आठवडाभर गाडी काढली नाही. विचारलं, तर म्हणाले, गुडघा दुखतोय.

आणि मी काय करत होतो? रात्री दोन-दोनपर्यंत व्हिडिओ बघत होतो. 'आपल्या पोरांना मारताहेत' असा एक व्हिडिओ घरच्या ग्रुपवर मीच टाकला. तो जुना होता आणि आपल्या देशातलाही नव्हता. आठवीतली भाची त्यानंतर खिडकीजवळ झोपेना. तिची आई समजावत होती, तर ती म्हणाली, "मामूने पाठवलाय. मामू इंजिनिअर आहे."

मित्रांनो, यंत्राचं सांगतो. व्हिडिओ दाखवणारी ॲप्स मुख्यतः मोजतात ते हे: तुम्ही किती वेळ थांबलात, काय लिहिलंत, कुणाला पाठवलंत. रागाने थांबलात की प्रेमाने, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. म्हणून आपल्याला शिव्या देणारा व्हिडिओ शेवटपर्यंत बघून, खाली भांडून, आपणच वर चढवतो. मग त्यांच्या फोनमध्ये आपण राक्षस आणि आपल्या फोनमध्ये आपण फक्त मार खाणारे. अशी चित्रं रोज बघणारं पोर एक तर घाबरतं, नाही तर चिडतं. अभ्यासात त्याचं मन कसं लागेल?

दोन्ही चित्रं अपुरी आहेत. शाहीर अमर शेख आपल्या बार्शीचे. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये याच सोलापुरात भरलं. चार पुतळ्यांपाशी जाऊन बघा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांत आपले कुर्बान हुसेन आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या सोबतीने. कुर्बान हुसेन ऐन तरुण होते, गिरणी कामगारांत काम करत होते आणि 'गझनफर' नावाचं पत्र चालवत होते. दुसरे आपल्याबद्दल काय लिहितात याची वाट बघत ते बसले नाहीत.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. कंपनी एवढंच करू शकते. त्या एकाला पाठवणारं बोट आपलंच असतं.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. कुठला, कधीचा, कुणी काढला, हे कळल्याशिवाय काही पुढे पाठवू नका. चुकून पाठवलंत, तर त्याच ग्रुपवर चूक कबूल करा. आणि आठवड्यातून एकदा आपल्या मोहल्ल्याबद्दल खरं, चांगलं-वाईट दोन्ही, मराठीत लिहा.

मी भाचीला समोर बसवून सांगितलं, "बेटा, मामू चुकला. न तपासता पाठवलं." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे ग्रुपवर पण लिही."

लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.