नोंदवहीतला मेंढा



विद्यापीठाच्या संग्रहालयाचं इन्स्टाग्राम-फेसबुक विद्यार्थी चालवतात म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, बरोबर आहे, फोन त्यांच्याच हातात असतो. एम.ए. करताना ‘कमवा व शिका’ योजनेतून मी हे काम केलं आणि माझं मत वेगळं झालं. या कामाचा पाया फोनमध्ये नाही. तो संग्रहालयाच्या नोंदवहीत आहे.

एक गाजलेलं उदाहरण घेते. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचं ‘म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ’ नावाचं संग्रहालय आहे. ते १९५१ मध्ये सुरू झालं. तिथे नांगर, गाड्या, टोपल्या, शेतकऱ्यांच्या वह्या असं ग्रामीण जगण्याचं सामान आहे. ९ एप्रिल २०१८ रोजी या संग्रहालयाने ट्विटरवर एका धिप्पाड मेंढ्याचा जुना फोटो टाकला आणि वर त्याच्या आकाराचं कौतुक करणारी एकच ओळ लिहिली. तो फोटो जगभर पोचला. तेव्हापासून ‘गमतीदार लिहा, लोक येतील’ हे पटवायला हा मेंढा पुढे केला जातो.

मला त्यात दुसरंच दिसतं. तो फोटो १९६२ चा आहे. मेंढा एक्समूर हॉर्न जातीचा, पूर्ण वयाचा, हे कुणीतरी तेव्हा लिहून ठेवलं, फोटो जपला, त्याला जागा दिली. म्हणून तो साठ वर्षं व्हायच्या आत एका कर्मचाऱ्याला सापडला. ती नोंद नसती तर तो कुठलासा मेंढा राहिला असता. आणि लोक जमल्यावर त्यांना पुढे सांगायला संग्रहालयाकडे काही उरलं नसतं.

त्याच संग्रहालयातली उंदराची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ससेक्समधल्या सेल्सी गावच्या कॉलिन पुलिंजरने १८६१ मध्ये एका उंदराच्या सापळ्याचं पेटंट घेतलं होतं. तसा एक सापळा संग्रहालयात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यात खरोखरचा मेलेला उंदीर आढळला. दीडशे वर्षांचा सापळा अजून काम करतो, म्हणून बातमी सगळीकडे गेली. पण हे लक्षात कसं आलं? सापळ्यात उंदीर आहे आणि डेटाबेसमध्ये त्याचा उल्लेख नाही, असं तिथल्या साहाय्यक अभिरक्षकाने सहकाऱ्यांना कळवलं. वस्तूंचं वर्णन जिथे नेमकं असतं, तिथेच नवा उंदीर ओळखता येतो. लोक ज्या गोष्टीवर हसले, ती नोंदीच्या शिस्तीतून आली होती.

आता आपल्याकडे येते.

आमच्या संग्रहालयात मला मिळालेलं काम तसं साधं होतं. कपाटातली वस्तू निवडायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा, काचेवरची चमक टाळायची आणि खाली मजकूर लिहायचा. शिवाय ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी चित्राचं वर्णन लिहायचं. हे वर्णन मी फार मनापासून लिहायचे. ‘एक मडकं’ लिहून भागत नाही. काठ बाहेर वळलेला आहे का, रंग कोणता, नक्षी कुठे थांबते, तुटलेला भाग किती, हे सगळं शब्दांत आणावं लागतं. वस्तूकडे इतकं निरखून बघायला मला वर्गात कुणी भाग पाडलं नव्हतं. प्रत्येक मजकूर क्युरेटर मॅडम वाचत आणि मगच तो बाहेर जाई. त्याला वेळ लागायचा. तो लागायलाच हवा. दालनात वर्षभरात जितके लोक पाटी वाचतात, त्याहून जास्त लोक फोनवरच्या चार ओळी एका दिवसात वाचू शकतात. त्या ओळींना पाटीपेक्षा कमी काळजी का मिळावी?

एका लाकडी वस्तूपुढे नोंदवहीत इतकंच होतं : ‘शेती अवजाराचा भाग, लाकडी’. फोटो टाकताना आम्ही सरळ विचारलं, हे काय आहे? उत्तरं भराभर आली. हे चाडं. पेरताना बी यात सोडतात आणि ते नळ्यांतून तासात उतरतं. भोकं तीन आहेत, म्हणजे तिफणीचं. मग मराठवाड्यातल्या एका गृहस्थांनी लिहिलं, की काठ एका बाजूला झिजलाय तिथे मूठ टेकत असणार. त्यांच्याकडे पेरणीत चाड्यावर मूठ आईच धरायची, कारण तिच्या हातून बी एकसारखं पडायचं. नांगर-पाभरीच्या दालनात तोवर बाईचा उल्लेख नव्हता. तो त्या झिजलेल्या काठातून आला.

पण ही माहिती राहते कुठे? इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत दिसेनाशी होते. खालचे अभिप्राय आठवड्याभरात तळाला जातात. आम्ही मग नोंदवहीत ‘मौखिक माहिती’ असा वेगळा रकाना केला. सांगणाऱ्याची परवानगी घ्यायची, गाव आणि तारीख लिहायची, पडताळणी झाली की नाही तेही लिहायचं. लाइक किती मिळाले याचा अहवाल वरपर्यंत जातो. त्या अहवालात या रकान्यात किती भर पडली हेही विचारलं जावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

काही गोष्टी फोनवर टाकू नयेत, हेही मी इथेच शिकले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातले लोक लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. मूल घराबाहेर जाऊ नये, असं त्या आईबापांना वाटत असेल का? हे कुंभ लोकांना दाखवावेत, त्यांच्याबद्दल सांगावं, असं मला फार वाटतं. पण त्यातल्या अस्थींचा फोटो नाही. दालनात माणूस थबकतो, आवाज खाली करतो. फोनवर तेच बाळ बिर्याणीची जाहिरात आणि क्रिकेटची क्लिप यांच्या मधे येतं. म्हणून कुंभांचं रेखाचित्र आणि घराचा आराखडा वापरावा, हे माझं मत. अमेरिकेत मूलनिवासींच्या अवशेषांबद्दल १९९० चा कायदा आहे. १२ जानेवारी २०२४ पासून त्याचे नवे नियम लागू झाले आणि असे अवशेष प्रदर्शनात मांडण्याआधी संबंधित जमातींची संमती बंधनकारक झाली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्री’ने आपली दोन दालनं बंद केली. इनामगावच्या मुलांच्या वतीने संमती द्यायला कुणी उरलेलं नाही. त्यामुळे आपली जबाबदारी वाढते, असं मी मानते.

‘कमवा व शिका’बद्दल थोडं. विद्यार्थ्याने श्रम करून शिकावं हा कर्मवीर भाऊराव पाटलांचा विचार. त्या श्रमातून विद्यार्थी घडावा, हा त्याचा गाभा आहे. ग्रंथालयातली मुलं पुस्तकं हाताळत वर्गीकरण शिकतात. संग्रहालयाच्या पेजवर बसवलेल्या मुलालाही नोंदवही उघडून द्या, भांडारात न्या, पुरातत्त्वाचे अहवाल वाचायला लावा. नुसता पासवर्ड देऊन ‘रोज काहीतरी टाक’ म्हणू नका. आणि नोंदीत त्याने भर घातली, तर नोंद करणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव लिहा. दोन वर्षांनी तो निघून जातो. पुढच्या विद्यार्थ्याला शंका आली तर विचारणार कुणाला?

आमच्या भांडारात अजून बऱ्याच वस्तूंपुढे ‘लाकडी, उपयोग अज्ञात’ किंवा ‘लोखंडी, स्थळ अज्ञात’ एवढंच लिहिलेलं आहे. त्यांतल्या काहींचे मोठे फोटो छापून मी मागच्या टेबलावर ठेवलेत. आपल्यापैकी अनेकांनी शेती, सुतारकाम, लोहारकाम जवळून पाहिलं असेल. बाहेर पडताना जरा थांबा. ओळखू आलं तर शेजारच्या वहीत लिहा, आणि गावाचं नाव घालायला विसरू नका.