मृत्यूनंतर काय? – माझी समजूत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोरमंगला येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी असा विषय निवडल्याबद्दल आरंभीच आपली क्षमा मागतो. कार्यवाहांनी मला विषयाची मोकळीक दिली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादे प्रवासवर्णन असावे. माझा विषयही एका परीने प्रवासाचाच आहे. मात्र त्या गावाहून परत येऊन खात्रीचे वर्णन करणारा कोणी अद्याप मला भेटलेला नाही.

हा विषय घेण्यास कारण आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले, ती माणसे तेव्हा ऐन तिशीतली होती. कोणी कारखान्यातील नोकरीसाठी, कोणी बँकेच्या बदलीवर, तर कोणी लग्न होऊन नवऱ्यामागोमाग ह्या गावी आली. कोरमंगलात तेव्हा घरे कमी आणि मोकळे भूखंड अधिक होते. आपण एकमेकांकडे बारशाला गेलो, मग मुंजींना, मग लग्नांना. आता मंडळातून रात्री-अपरात्री दूरध्वनी आला, तर निरोप बहुधा एकाच प्रकारचा असतो, आणि विल्सन गार्डनच्या विद्युतदाहिनीची वाट आपल्यापैकी अनेकांना पाठ झाली आहे. ज्या वाटेने आपण एकमेकांना सोबत करतो, तिच्याविषयी एकदा तरी मोकळेपणाने बोलावे, एवढाच माझा हेतू.

मी व्यवसायाने अभियंता. माझ्या तरुणपणी आमच्या घरात आगरकर वाचले जात. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी ज्यांची प्रेतयात्रा काढली, आणि ज्यांनी आपल्या अंत्यविधीचा खर्च दुसऱ्यावर पडू नये म्हणून थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले, त्या आगरकरांचा १८९५ सालचा मृत्यू वडील आम्हांला गोष्टीसारखा सांगत. पुढे १९६६ च्या फेब्रुवारीत सावरकर गेले, तेव्हा त्यांच्या इच्छापत्राची चर्चा घरोघरी झाली. आपला देह विद्युतदाहिनीत दहन करावा, श्राद्ध, पिंडदान, काकस्पर्श ह्यांपैकी काही करू नये, असे त्यांनी लिहून ठेवले होते. राजकारणात ह्या दोघांच्या वाटा कितीही वेगळ्या असोत, ह्या एका बाबतीत दोघांचाही माझ्या मनावर ठसा उमटला. देह संपला की माणूस संपला, ही माझी समजूत तेव्हापासूनची आहे. तिच्यामुळे मला कधी अडचण झाली नव्हती. अडचण झाली ती पाच वर्षांपूर्वी.

माझी पत्नी वाईची. कृष्णेच्या घाटावर लहानाची मोठी झालेली. चाळीस वर्षे तिने ह्याच परिसरात संसार केला, शेजारणींकडून कन्नड शिकली, परंतु संकल्प सोडताना तिच्या तोंडी कृष्णेचेच नाव येई. तिची श्रद्धा आणि माझी अश्रद्धा एकाच घरात भांडण न करता नांदत होती. शेवटच्या आजारात, एका संध्याकाळी खोलीत दुसरे कोणी नसताना, तिने मला विचारले, "अहो, पुढं काय असतं हो?" मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "काही नसतं. झोप लागते तसं." ती म्हणाली, "असं होय." मग तिने कूस बदलली. त्यानंतर ती नऊ दिवस होती. पण हा विषय तिने माझ्यापाशी पुन्हा काढला नाही.

मी खोटे बोललो नव्हतो. मला जे खरे वाटत होते, तेच सांगितले होते. तरीही ते "असं होय" माझ्या कानांतून जाईना.

पुढल्या वर्षभरात मी ह्या विषयावर जेवढे मिळेल तेवढे वाचले. माझ्यासारख्या माणसाने पुरावा शोधायला निघावे, हे साहजिक होते. आणि गंमत अशी, की हा शोध मला फार लांब घेऊन गेला नाही. आपल्या शेजारीच, होसूर रस्त्यावर, निमहान्स ही संस्था आहे. तेथील मानसशास्त्रज्ञ डॉ. सतवंत पसरिचा ह्यांनी पुनर्जन्माच्या दाव्यांचा अभ्यास अनेक वर्षे केला आणि १९९० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन हे त्यांचे सहकारी. २००७ साली ते निवर्तले.

ह्या दोघांनी तपासलेले एक प्रकरण तर आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. नागपूरच्या एक सुशिक्षित, अविवाहित अध्यापिका, मातृभाषा मराठी. १९७४ साली, वयाच्या बत्तिशीच्या सुमारास, त्या मधूनमधून स्वतःला 'शारदा' म्हणवू लागल्या. अशा वेळी त्या बंगाली बोलत, मराठी त्यांना समजत नसे, लुगडे बंगाली पद्धतीने नेसत, आणि विजेच्या उपकरणांकडे नवलाने पाहत. ही अवस्था कधी एक-दोन दिवस टिके, कधी काही आठवडे. शारदेने सांगितलेला काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा होता. आपल्याला साप चावला, एवढी तिची अखेरची आठवण. तिने घेतलेली काही पुरुषांची नावे बंगालमधील एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीत सापडली. मात्र त्या वंशावळीत स्त्रियांची नावेच नव्हती; त्यामुळे शारदा नावाची कोणी खरोखर होऊन गेली की नाही, हे कळण्याचा मार्गच तेथे खुंटला. पुण्याचे मानसशास्त्रज्ञ प्रा. अकोलकर ह्यांनीही ह्या प्रकरणाचा दीर्घकाळ मागोवा घेतला.

आता दुसरी बाजू. त्या बाईंना पूर्वीपासून बंगालची ओढ होती, बंगाली कादंबऱ्यांची भाषांतरे त्यांनी वाचली होती, संस्कृत त्यांना येत होते, आणि बंगाली लिपीचे थोडे धडेही त्यांनी घेतले होते. एवढ्या भांडवलावर अशी भाषा बोलता येणार नाही, असे स्टीव्हन्सन ह्यांचे मत. भाषाशास्त्राच्या काही अभ्यासकांना ते पटले नाही. कागद दोन्ही बाजूंनी वाचल्यावर माझे मत असे झाले, की येथे समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु माझी समजूत बदलावी इतके नाही. त्या बाईंना झालेला त्रास खरा होता, आणि अभ्यासकांची मेहनतही खरी होती. ह्यापुढे पाऊल टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

ह्याच दोघांचा दुसरा एक अभ्यास मात्र मला अधिक जवळचा वाटला. मरणाच्या दारातून परतलेल्या भारतीयांचे अनुभव त्यांनी गोळा केले. त्यांतील कित्येकांनी सांगितले, की यमदूत आपल्याला घेऊन गेले, तेथे वही उघडली गेली, चुकीचा माणूस आणल्याचे लक्षात आले, आणि आपल्याला परत पाठवण्यात आले. अमेरिकेतील लोक अशा वेळी बोगदा, प्रकाश, दिवंगत आप्तांची भेट ह्यांविषयी बोलतात. कारकुनी चुकीचा उल्लेख त्यांच्याकडे आढळत नाही. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालवलेल्यांना ह्याचे आश्चर्य वाटू नये! ह्यावर आपण हसतो, परंतु त्यात मला एक गोष्ट दिसली. माणूस त्या उंबरठ्यावर जातो, तेव्हाही तो आपली भाषा, आपले घर, आपले संस्कार घेऊनच जातो. परक्या मुलखात पन्नास वर्षे काढलेल्या आपल्यासारख्यांना हे ध्यानी घेण्याजोगे आहे. माझ्या पत्नीच्या डोळ्यांपुढे अखेरीस काही आले असेल, तर तो वाईचा घाटच असला पाहिजे.

मग मी आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळलो. कठोपनिषदातील नचिकेत यमाला हाच प्रश्न विचारतो: मेल्यानंतर माणूस असतो की नसतो? यम लगेच उत्तर देत नाही. ह्याविषयी देवांनाही शंका होती, असे सांगून तो मुलाला धन, दीर्घायुष्य, राज्य देऊ करतो. मुलगा ढळत नाही, तेव्हाच तो बोलू लागतो. संत बहिणाबाईंनी इ. स. १७०० मध्ये देह ठेवण्यापूर्वी आपल्या मुलाला, विठोबाला, जवळ बसवून आपले मागील बारा जन्म सांगितले. हा तेरावा, असे त्या म्हणाल्या. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली, तुकोबा वैकुंठास गेल्याची श्रद्धा आहे, आणि कित्येक वारकऱ्यांना तर मोक्षही नको, पुन्हा जन्म हवा, म्हणजे पुन्हा वारी घडेल. चार्वाकही आपलाच, आगरकरही आपलेच. एवढी वेगवेगळी उत्तरे एकाच परंपरेने सांभाळली आहेत.

हे सर्व वाचताना मला पहिल्यांदा जाणवले, की यमाने जे केले ते मी केले नव्हते. त्याने विचारणाऱ्याकडे पाहिले. बहिणाबाईंनी मुलाला जवळ बसवून घेतले. मी मात्र प्रश्न ऐकला आणि परीक्षेतल्यासारखे उत्तर देऊन मोकळा झालो. तिला माझे मत ठाऊक होते. चाळीस वर्षे ऐकत आली होती. तेच ती पुन्हा का विचारील? मी उलट विचारायला हवे होते, "तुला काय वाटतं?" कदाचित ती वाईविषयी बोलली असती, तिच्या आईविषयी बोलली असती. कदाचित तिला भीती वाटत असेल आणि माझा हात हवा असेल. ते मला आता कधीच कळणार नाही. माझी समजूत खरी असेल तर नाहीच. आणि तिची खरी असेल, तर तिने मला क्षमा केली असेल, एवढा तिचा स्वभाव मी जाणतो.

दहाव्या दिवसाचे सांगतो. तिच्या इच्छेप्रमाणे सर्व विधी करावे, असे मुलांनी ठरवले आणि मीही बसलो. अस्थी श्रीरंगपट्टणजवळ पश्चिमवाहिनीला कावेरीत सोडल्या. पिंड ठेवला. वर घारी फिरत होत्या, कावळा येईना. मुलाने आईला आश्वासन दिले, की बाबांकडे आम्ही लक्ष देऊ. मुलीने काही मनातल्या मनात सांगितले. अर्धा तास गेला. मग भटजींनी माझ्याकडे पाहिले. माझा ह्यावर विश्वास नाही, हे त्यांना माहीत होते. मी पुढे झालो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी घाईनं बोललो." एवढेच. कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला, आणि आम्ही घरी आलो.

कावळा आला असता, तर आज मी आपणांपुढे वेगळे भाषण केले असते, असे नाही. मला नोंदवायचे आहे ते इतकेच, की ते वाक्य मला उच्चारून दाखवायला दुसरी जागा मिळाली नव्हती. घरात ते मला कोणापाशीही बोलता आले नसते. ज्या विधीला मी आयुष्यभर निरर्थक म्हणत आलो, त्याने मला ती अर्ध्या तासाची जागा दिली. विधीमागील कल्पना मला आजही मान्य नाही. त्याचे उपकार मात्र मला नाकारता येत नाहीत.

आता माझ्यापुरते. माझ्या देहाचे दान वैद्यकीय महाविद्यालयास करावे, असे मी ठरवले आहे. नेत्रदान तर करावेच. त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवावे लागते. ह्या शहराला त्याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. डॉ. राजकुमार ह्यांचे नेत्रदान २००६ साली झाले, आणि २०२१ मध्ये त्यांचे पुत्र पुनीत अकाली गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांनी चौघांना दृष्टी मिळाली. मृत्यूनंतर काहीतरी उरते, असे मीही म्हणू शकतो, ते ह्या अर्थाने.

मुलीला मी हे सांगितले, तेव्हा ती रडली. म्हणाली, "बाबा, मग आम्ही कुठं बसायचं?" पूर्वीचा मी असतो, तर तिला लगेच आगरकर ऐकवले असते. ह्या वेळी मी तिलाच विचारले, "तुला काय वाटतं?" पुष्कळ वेळ बोललो. असे ठरले, की देह महाविद्यालयात जाईल. आणि दहाव्या दिवशी मुले वाईला जातील, घाटावर बसतील, त्यांना योग्य वाटेल ते बोलतील. पिंड ठेवावा की नाही, हे त्यांनी ठरवायचे. मी त्यावर बंधन घातलेले नाही.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे. आपली मुले सिएटलला, सिंगापूरला, पुण्याला आहेत. आपली इच्छा त्यांना विमानतळावरून धावत आल्यावर प्रथम कळू नये. दहन की दान, कृष्णा की कावेरी, विधी की नको, हे लिहून ठेवा. आणि लिहिण्यापूर्वी घरच्यांशी बोला, कारण इच्छापत्र तुमचे असले तरी देह सोपवणारे हात त्यांचे असतात. आणि आपल्या माणसाने कधी संध्याकाळी विचारले, "पुढं काय असतं?", तर आपले मत तयार असले तरी जरा थांबा. खुर्ची जवळ ओढा आणि त्याला आधी बोलू द्या.