रात्रभर भरलेला वर्ग



टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागल्या की घरातली पुरुषमाणसं आवाज वाढवतात. आपण भाकऱ्या थापता थापता कानावर पडेल तेवढं ऐकतो. कुठं बॉम्ब पडले, किती विमानं गेली, कोण कुणाला काय म्हणालं. मनात प्रश्न येतात, पण विचारले तर ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे ठरलेलं उत्तर. आणि जरा शिकलेलं कुणी असलं तर म्हणतं, ‘सरकारला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते.’

हेच वाक्य साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकलेल्या लोकांनाही ऐकवलं जात होतं. तेव्हा एका विद्यापीठातल्या शिक्षकांनी काय केलं, ते आज सांगते.

गोष्ट व्हिएतनामच्या लढाईची. व्हिएतनाम म्हणजे भाताचा देश. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बाया तिथंही आपल्या मावळात आणि कोकणात दिसतात तशाच. आधी तिथं फ्रेंचांचं राज्य होतं. १९५४ साली ते गेले आणि देशाचे दोन तुकडे झाले. उत्तरेत हो चि मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्याचं. ऑगस्ट १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी देशाला सांगितलं, की टोंकिनच्या आखातात आमच्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला. लगेच तिथल्या संसदेनं त्यांना लष्कर वापरायची मोकळीक दिली. खालच्या सभागृहात विरोधात एकही मत नाही, वरच्या सभागृहात फक्त दोन. पुढं कित्येक वर्षांनी सरकारच्याच कागदांतून उघड झालं, की दुसरा हल्ला झालाच नव्हता. सरकारला जास्त माहिती असते हे खरं. पण ती सगळी आपल्याला सांगितली जाते असं नाही.

त्याच वर्षी निवडणूक झाली. जॉन्सन यांनी लढाई वाढवणार नाही अशी भाषा केली आणि ते मोठ्या फरकानं निवडून आले. मार्च १९६५ उजाडला तो रोजच्या बॉम्बफेकीनं. ८ मार्चला साडेतीन हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले.

तिकडं मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाच्या गावी मोठं विद्यापीठ आहे. तिथल्या काही प्राध्यापकांनी ठरवलं, की एक दिवस नेहमीचे वर्ग बंद ठेवायचे आणि फक्त व्हिएतनामवर बोलायचं. यावर केवढा गहजब! राज्याचे गव्हर्नर चिडले, आमदार चिडले. पगार घेता आणि शिकवायचं सोडून संप करता, असा सूर. खुद्द प्राध्यापकांतही दोन तट पडले. काहींना लढाई मान्य नव्हती, पण मुलांचा तास बुडवणंही मान्य नव्हतं. तेव्हा मानववंशशास्त्राचे प्राध्यापक मार्शल सॅलिन्स यांनी तोड काढली. शिकवणं बंद कशाला करायचं? उलट जास्त शिकवू. दिवसाचे वर्ग होऊ देत, आपण रात्री शिकवू.

मला ही तोड फार आवडते. भांडणातून बाहेर पडायची वाट कधी कधी अशी उलट्या बाजूनं असते.

त्याला नाव दिलं ‘टीच-इन’. हे नाव आलं ‘सिट-इन’वरून. १९६० साली ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीत जाऊन बसले आणि ‘वाढा’ म्हणाले, उठायला तयार होईनात. ते बसून राहिले, हे शिकवत राहिले.

२४ मार्च १९६५ च्या रात्री आठ वाजता वर्ग भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुटला. हजार-पाचशे मुलं आली तरी खूप असं वाटलं होतं. आली जवळजवळ तीन हजार. आधी मोठी भाषणं, मग लहान लहान खोल्यांत गट करून चर्चा. बोलणाऱ्यांत रॉबर्ट ब्राउन नावाचे अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी अमेरिकी सरकारच्या मदत कार्यक्रमात व्हिएतनाममध्ये काही वर्षं नोकरी केली होती, म्हणजे गाव पाहून आलेला माणूस. मध्येच बॉम्ब ठेवल्याची धमकी आली आणि सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. तर मंडळी पटांगणात उभी राहून बोलत राहिली. लढाईच्या बाजूची काही मुलंही फलक घेऊन आली होती. त्यांच्याशी वादावादी झाली, मारामारी झाली नाही.

आता तुमच्या-माझ्या कामाचं सांगते. त्या काळी त्या विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाला रात्रीची वेळ लावलेली होती. ठरल्या वेळेच्या आत खोलीवर हजर. मुलांना हा नियम नव्हता. त्या एका रात्रीपुरती मुलींना बाहेर राहायची परवानगी मिळाली. अमेरिकेसारख्या देशात, विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीला देशाच्या लढाईबद्दल रात्री ऐकायला बसायचं तर आधी परवानगी लागत होती! आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत सहा वाजले, की निम्म्या जणी धारा काढायची वेळ झाली म्हणून उठतात, आणि महत्त्वाचा विषय नेमका त्यानंतर निघतो. म्हणून मला ही परवानगीची गोष्ट भाषणांपेक्षा मोठी वाटते.

पण सगळं चांगलंच होतं असं नाही. तिथं अठरा वर्षांवरच्या मुलांना सैन्यात सक्तीनं बोलावलं जाई, आणि कॉलेजात शिकणाऱ्याला त्यातून सूट मिळे. म्हणजे त्या रात्री चर्चा करणारी बरीचशी मुलं शिकत होती तोवर तरी सुरक्षित होती. कॉलेजची पायरी न चढलेली कामगारांची, शेतकऱ्यांची, गरीब काळ्या घरांतली मुलं जास्त करून पुढं गेली. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. साताऱ्याचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथं पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणूस सैन्यात गेलेला आहे. फरक एवढाच, की आपल्याकडं भरती सक्तीची नाही. पण सीमेवर काही झालं की रात्र कुणाच्या घरात जागून निघते, ते गावाला माहीत असतं. त्या घरातल्या आईला, सुनेला चर्चेला कोण बोलावतं?

दुसरी एक खोट होती. ॲन आर्बरच्या व्यासपीठावर बोलणारे बहुतेक एकाच मताचे होते. ही खोट लोकांच्या लक्षात आली. पुढच्या काही आठवड्यांत विद्यापीठामागून विद्यापीठात असे रात्रीचे वर्ग भरले, आणि १५ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये मोठी सभा ठेवली. तिथं सरकारची बाजू मांडायला अध्यक्षांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी येणार होते. ऐन वेळी त्यांना दुसऱ्या कामगिरीवर पाठवलं आणि ते आलेच नाहीत. तरी सरकारच्या बाजूनं बोलणारे प्राध्यापक होते, विरोधातलेही होते. ती सभा तारेनं जोडून शंभराहून जास्त विद्यापीठांत ऐकवली गेली. आत्ता तुम्ही मला ऐकता ना, तसंच. शेवटी जूनमध्ये बंडी टीव्हीवर वादाला बसले, समोर हान्स मॉर्गेंथाऊ नावाचे प्राध्यापक. म्हणजे ज्यांना ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हटलं होतं, त्यांना तीन महिन्यांत उत्तर द्यायला यावं लागलं.

लढाई मात्र थांबली नाही. ती ३० एप्रिल १९७५ पर्यंत चालली. अमेरिकेचे अठ्ठावन्न हजारांवर सैनिक गेले, आणि व्हिएतनामची माणसं लाखांनी गेली, त्यांत बाया आणि लेकरं किती तरी. रात्रभराच्या चर्चेनं युद्ध बंद होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण लढाई सुरू होताना गप्प असलेली संसद पुढं प्रश्न विचारू लागली, ती लोक आधी विचारू लागले म्हणून, असं मला वाटतं.

या महिन्यात ज्या गटांना हा विषय घ्यायचा असेल त्यांनी नकाशा आधी मिळवून ठेवा. शाळेत मागितला तर देतात. बातम्यांतलं गाव नकाशावर शोधा, तिथं काय पिकतं, कोण राहतं, दोन्ही बाजू काय म्हणतात ते वेगवेगळ्या दोघींनी वाचून या. ज्यांच्या घरचं कुणी सैन्यात आहे त्यांना आधी बोलू द्या, त्यांना बोलायचं नसेल तर आग्रह नको. आणि बैठक जेवणं उरकल्यावर ठेवा, धारांच्या वेळी नको. घरी परत सोडायला कोण कुणाबरोबर जाणार, ते आधीच ठरवा.