आपला रंधा आपणच घडवावा



सुताराच्या पेटीतील करवत कापते, पटाशी कोरते. पण "आता फळी सरळ झाली" असा निकाल देण्याचा अधिकार एकट्या रंध्याचा. आज विजेवर चालणारे रंधे खेडोपाडी पोचले आहेत आणि त्यांनी सुताराचे कष्ट पुष्कळ वाचवले आहेत, यात शंका नाही. तरीपण हातरंधा स्वतः घडवण्यात एक शिक्षण आहे. ते हातचे जाऊ नये, म्हणून हे चार शब्द.

रंधा म्हणजे तरी काय? लाकडी ठोकळ्यात पाचरीने आवळून बसवलेली पटाशीच! हातातली पटाशी मन मानेल तिकडे शिरते. ठोकळा तिला केसाएवढ्या खोलीवर धरून ठेवतो. कल्पना फार जुनी आहे. इटलीतील पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात रंधे सापडले आहेत. आपल्याकडेही सुतार रंध्याचे लाकूड स्वतः घडवी. पाते तेवढे लोहाराकडून किंवा बाजारातून आणी.

आपणही पाते विकत घ्यावे. पाच सेंटिमीटर रुंदीचे, चांगले जाड असावे. पातळ पाते कामात थरथरते. ठोकळ्यासाठी शिसव किंवा बाभूळ उत्तम. लाकूड मात्र पुरते वाळलेले हवे. ओले लाकूड नंतर आकसते, मग रंध्याचा तळच वाकतो. आणि वाकड्या तळाचा रंधा सरळ फळी कोठून देणार?

ठोकळा २५ सेंटिमीटर लांब, ८ रुंद व ६ उंच घ्यावा. लाकडाचे तंतू बाजूने पाहावेत. ते पुढून मागे तळाकडे उतरत गेलेले असावेत. मांजराच्या अंगावरून केसांच्या दिशेने हात फिरवावा, तसा तळ मग फळीवरून सरकतो.

आता कृती ऐका. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांनी एकेक सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या चिरून काढा. मधला भाग पात्याहून दोन मिलिमीटर रुंद ठेवून साफ करा. या कामापुरता शेजारच्या सुताराचा रंधा मागून आणायला हरकत नाही. मधल्या भागाचे दोन तुकडे करायचे. मागच्या तुकड्याला ४५ अंशांचा उतार द्या. त्यावर पाते टेकते. कोनमापक नसेल तर कागदाचा चौकोन कर्णावर दुमडा, ४५ अंश तयार! पुढच्या तुकड्याचा उतार पुढे झुकवा, म्हणजे छिलक्याला वर यायला वाट मिळते.

चारही तुकडे सरसाने जोडून रात्रभर घट्ट आवळून ठेवा. तळाशी दोन तुकड्यांमध्ये जी फट राहते, ते रंध्याचे तोंड. ते पहिल्याने इतके अरुंद ठेवा की पात्याची धार बाहेर येऊच नये. दोन्ही पट्ट्यांतून आरपार एक लोखंडी सळई घाला. सळई आणि पाते यांच्यामध्ये सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी. तिच्यात लाकडी पाचर ठोकली की पाते बसले.

खरी परीक्षा पुढेच आहे. पाते वर ओढून, पण पाचर आवळलेलीच ठेवून, तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा. काचेवर पॉलिशकागद पसरून तळ घासा. जेथे रेघ पुसली गेली नाही तेथे खळगा आहे, असे समजा. सर्व रेघा एकदम पुसल्या जाईपर्यंत थांबू नका. मग कानशीने तोंड थोडे थोडे वाढवा. पातळ छिलका सुटण्याइतके झाले की पुरे. घाईने जास्त घासले, तर गेलेले लाकूड परत येत नाही.

तोंड अरुंद का हवे? पाते पाचरीसारखे शिरून पुढचे तंतू उचलते. तोंडाची पुढची कड ते तंतू दाबून धरते. ती दूर असली की तंतू खोलवर फाटतात आणि फळीवर धस निघतात.

पात्याची तासलेली बाजू खाली ठेवावी. डोक्यावर हलकी टिचकी दिली की पाते खाली सरकते. ठोकळ्याच्या मागच्या टोकावर दिली की वर येते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. पुष्कळ ठिकाणी मात्र हत्यारे कपाटात कुलूपबंद आणि मुले वहीत त्यांची चित्रे काढताहेत, असे दिसते. त्याऐवजी चार मुलांनी मिळून एक रंधा करावा. कोन, सपाटी, घर्षण, लाकडाची रचना हे सारे त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती पुस्तकात सापडत नाही. मुलाने "सर, तळ सरळ झाला" म्हटले, तरी रेघ खोटे बोलत नाही. मास्तरांच्या शेऱ्यावाचून आपली चूक आपल्यालाच दिसणे, ही सवय ज्याला लागली तो पुढे सुतार होवो की कारकून, त्याचे काम चोख होईल.

तेव्हा या सुटीत एक वाळलेला ठोकळा शोधून ठेवा.