राखेतून पुन्हा उभा राहिलेला 'साधा माणूस'

(वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वाशीमला, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माला, बोलायला उभे राहिले की राजशेखराचे स्मरण होतेच. 'काव्यमीमांसे'त त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावून दिला. येथला वाकाटक राजा सर्वसेन स्वतः प्राकृत काव्याचा कर्ता होता. शब्दाची अशी थोरवी जाणणाऱ्या गावात मी आज एका चित्रपट दिग्दर्शकाविषयी बोलणार आहे, कारण भालजी पेंढारकर मुळात लेखक होते. त्यांनी नाटके लिहिली, कथा-पटकथा-संवाद लिहिले आणि 'योगेश' या नावाने गीतेही लिहिली.

मूकपटाच्या काळात त्यांनी 'वंदे मातरम् आश्रम' काढला आणि इंग्रज सरकारच्या सेन्सॉरचा रोष ओढवून घेतला. १९३२ च्या 'श्यामसुंदर'ने मुंबईत पंचवीस आठवड्यांचा पल्ला ओलांडला. भारतीय चित्रपटाचा तो पहिला रौप्यमहोत्सव मानला जातो. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक' यांतून शिवकाल पडद्यावर आला. 'महारथी कर्ण'मध्ये पृथ्वीराज कपूर होते आणि 'वाल्मिकी'त तरुण राज कपूर नारद झाले होते. सुलोचनाबाई आणि चंद्रकांत-सूर्यकांत हे मांढरे बंधू भालजींच्याच तालमीत घडले.

पण मला आज थांबायचे आहे ते १९४८ सालापाशी. ३० जानेवारीला गांधीजींची निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. ज्यांचा त्या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता, अशांची घरेदारे पेटली. कोल्हापुरात भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि त्यात 'मीठभाकर' हा चित्रपट भस्मसात झाला. पन्नाशीच्या माणसाने आयुष्यभर जमवलेले क्षणात गेले. नायट्रेटची फिल्म किती झपाट्याने पेट घेते, हे त्या काळच्या कोणत्याही छायाचित्रकाराला विचारले असते तर त्याने सांगितले असते.

या प्रसंगाविषयी आपल्याकडे दोनच रीती दिसतात. एक तर त्याचा उच्चारच करायचा नाही, नाही तर उच्चार करून दुःख उगाळत बसायचे. भालजींनी काय केले? स्टुडिओ पुन्हा उभारला आणि जळालेला 'मीठभाकर' पहिल्यापासून पुन्हा चित्रित केला. १९४९ मध्ये तो पडद्यावर आला. रिळे जळाली तरी कथा लेखकाजवळ शाबूत होती. आणि कथा होती कोणाची? खेड्यातल्या कष्टकऱ्यांची. ज्या समाजातून तो जमाव आला होता, त्याच समाजाच्या मीठभाकरीची गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा सांगितली. मला त्यांच्या शिवपटांपेक्षाही हे धैर्य मोठे वाटते.

स्पष्टच सांगायचे तर भालजींचे ऐतिहासिक चित्रपट आज पाहताना संवाद लांबतात, नाटकाचा ठसा जाणवतो. 'साधी माणसं'चे तसे नाही. १९६५ च्या या चित्रपटात एक लोहार आहे, त्याची बायको आहे आणि भुलावणीला बळी पडून उसवलेला त्यांचा संसार आहे. जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांच्या तोंडी त्यांनी घातलेली भाषा भात्याजवळची आहे, व्यासपीठावरची नाही. 'आनंदघन' या नावाने त्याला संगीत देणाऱ्या लता मंगेशकर होत्या, हे आपल्याला ठाऊकच आहे. पुढे आत्मचरित्राला नाव देतानाही भालजींनी 'साधा माणूस' हेच शब्द निवडले.

ऐंशी उलटल्यावर १९८१ मध्ये त्यांनी 'गनिमी कावा' केला. १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि २६ नोव्हेंबर १९९४ रोजी ते गेले. जयप्रभा पुढे लताबाईंनी घेतला होता. २०२२ मध्ये त्याच्या विक्रीची वार्ता फुटली तेव्हा कोल्हापूरची माणसे आंदोलनाला बसली. त्यांपैकी बहुतेकांनी १९४८ ची आग पाहिलेली नव्हती.