न धावलेली आगगाडी



जी आगगाडी कधी धावलीच नाही, तिची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत. स्कॉटलंडच्या वायव्येस लुइस नावाचे बेट आहे. पूर्वेस स्टॉर्नोवे बंदर, पश्चिमेस कारलोवे गाव आणि मध्ये ओसाड दलदल. पश्चिमेची मासळी ताजी असतानाच बंदरात पोहोचली, तरच कोळ्याच्या पदरात चार पैसे पडणार! ब्रिटनमध्ये १८९६ साली लाइट रेल्वेचा कायदा झाला. लगोलग १८९८ मध्ये हेब्रिडियन लाइट रेल्वे कंपनीने स्काय व लुइस या बेटांवर लोहमार्ग सुचविले. रूळ मात्र एकही पडला नाही.

आपल्याकडे १८९७ मध्येच कॅल्थ्रॉपसाहेबांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिला कापूस मिळाला. १९०६ पासून पंढरीचे वारकरीही मिळाले. लुइसजवळ मासळीवाचून भाडे ते कोणते?

पुढे स्टॉर्नोवे-कारलोवे रस्ता झाला. त्याला स्कॉटलंडचे मंत्री लॉर्ड पेंटलंड यांचे नाव आहे. हेच गृहस्थ १९१२ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले आणि १९१७ साली बेझंटबाईंना त्यांनीच स्थानबद्ध केले!

नफ्यातोट्याच्या वहीत जे गाव बसत नाही, त्याला वाटच नको काय? आम्हांला वाटते, व्यापाऱ्याचा हिशेब जेथे संपतो, तेथूनच समाजाचे कर्तव्य सुरू होते. लुइसला गाडी मिळाली नाही, पण रस्ता मिळाला. आपल्या आडगावांचा विचार करताना एवढे ध्यानात ठेवावे.