गरोदरपणात असंच असतं, म्हणून थांबू नका

आज एका दुर्मिळ आजाराबद्दल बोलू: गरोदरपणात जठरात किंवा आतड्यात निघणारी गाठ. हा आजार फार थोड्या बायांना होतो, पण त्याची लक्षणं रोजच्या तक्रारींसारखीच असतात. म्हणून तो लपून राहतो.

पोटुशी बाईला मळमळतं, पित्त होतं, पोट फुगतं, थकवा येतो, रक्त कमी असतं. घरात सगळे म्हणतात, "या दिवसांत असंच असतं." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण गाठीची लक्षणंही हीच असतात, आणि वाढत्या गर्भाशयामुळे ती हाताला लागत नाही.

मग ओळखायचं कसं? चार गोष्टी ध्यानात ठेवू.

पहिली गोष्ट शीचा रंग. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी किंवा हिरवट-काळी होते, त्याला घाबरायचं नाही आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण शी डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची असेल, तर आतून रक्त जात असू शकतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, "हे गोळ्यांमुळं आहे की रक्त जातंय?" शीत लपलेलं रक्त तपासता येतं. दुसरी गोष्ट, महिनाभर रोज गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, उलट उतरतं. गरोदर बाईचं ते ११ च्या वर हवं. ७ च्या खाली गेलं तर धोका मोठा. तिसरी, पाचवा महिना उलटल्यावरही उलट्या थांबत नाहीत, दोन घासांत पोट भरतं, वजन घटतं. चौथी, पोटात एकाच जागी सतत दुखतं. आणि उलटीत रक्त किंवा चहाच्या गाळासारखं काळपट काही दिसलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढं अंधारी आली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

यातलं काही दिसलं म्हणजे गाठच आहे, असं नाही. मूळव्याध, अल्सर, जंत अशी साधी कारणंच जास्त सापडतात. पण कारण शोधायला तर हवं.

या गाठींपैकी एकीला डॉक्टर 'जिस्ट' म्हणतात. जठर आणि आतड्याला हालचालीचा इशारा देणाऱ्या पेशींपासून ती होते असं मानतात. दहा लाख लोकांत वर्षाला साधारण दहा-पंधरा जणांना, तेही बहुतेक पन्नाशीपुढं. म्हणून तरुण गरोदर बाईत ती क्वचितच दिसते.

गाठ निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, "आई वाचवायची की बाळ?" मैत्रिणींनो, दर वेळी असं निवडावं लागत नाही. गरोदरपणात सोनोग्राफी करता येते, रंगद्रव्य न देता एमआरआय करता येतो, गरज पडली तर दुर्बिणीनं जठर बघता येतं. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात. ऑपरेशन लागलं तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. गाठ लहान असेल आणि बाळंतपण जवळ आलं असेल, तर काही वेळा बाळंतपणानंतर काढतात. रक्तस्राव जोरात असेल किंवा आतडं अडलं असेल, तर मात्र थांबता येत नाही. पोटाचे सर्जन, बाळंतपणाचे डॉक्टर, भूल देणारे आणि बाळाचे डॉक्टर मिळून हे ठरवतात. बाईला सगळं समजावून, तिला विचारूनच ते ठरायला हवं.

जिस्टवर इमॅटिनिब नावाची गोळी आहे. तिच्यानं पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून गरोदरपणात ती शक्यतो देत नाहीत. गोळी चालू असताना अंगावर पाजायचं नाही आणि दिवस जाऊ द्यायचे नाहीत. जिला ही गोळी आधीपासून चालू आहे आणि दिवस गेले आहेत, तिनं ती स्वतःहून बंदही करू नये आणि चालूही ठेवू नये. लगेच डॉक्टरांना गाठावं.

ही गोळी आज गरिबाच्या आवाक्यात आहे, त्यामागं मोठी लढाई आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळायची. कंपनीला पेटंट मिळू नये म्हणून मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन लढली. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं पेटंट नाकारलं.

आता आपण काय करायचं? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. गटातल्या एकीनं तिच्यासोबत जायचं. सगळे रिपोर्ट, हिमोग्लोबिनचे आकडे तारखेप्रमाणं एका पिशवीत ठेवायचे. चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढं पाठवलं, तर लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला शंकरराव चव्हाण महाविद्यालय आहे. कर्करोगासाठी बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटाचं अंतर्गत कर्ज कशासाठी आहे? सावकाराच्या दारी जायच्या आधी गटाची बैठक बोलवा.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की आपल्या गटात कोण गरोदर आहे, तिचं हिमोग्लोबिन मागच्या महिन्यात किती होतं आणि आज किती आहे, एवढं विचारा. आकडा उतरलेला असेल, तर तिला एकटीला घरी पाठवू नका.